उस्मानभाईंचा कोरा दगड

उस्मानभाई मुकादमांनी आयुष्यात एकही पाटी कौतुकाने वाचलेली मला आठवत नाही. श्रीवर्धनच्या एसटी स्टँडपासून जीवना बंदरापर्यंत जेवढे दवाखाने, किराणा दुकानं, गल्फची तिकिटं काढून देणारी ऑफिसं आणि ‘घरगुती जेवण मिळेल’ म्हणणारी घरं आहेत, त्या सगळ्यांच्या पाट्यांशी त्यांचं वाकडं होतं. चहा प्यायला बसले तरी हॉटेलच्या पाटीकडे पाठ करून बसायचे. हॉटेलवाल्याने एकदा हौसेने विचारलं, “भाई, चा कसा हाय?” तर म्हणाले, “चा बरा हाय. नाव वाईट लिवलायस.” आता ते इंग्लंडात मुलाकडे असतात आणि आमच्या गावच्या पाट्या निर्धास्त झाल्या आहेत.

माझं स्टँडसमोर डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, जे येईल ते. उस्मानभाई पहिल्यांदा आले ते भांडायलाच. हातात मी छापलेली एक निकाहची पत्रिका होती. वरती मुलामुलीची नावं उर्दूत होती आणि ती फाइल नवऱ्यामुलाच्या मुंब्र्याच्या भावाने फोनवरून पाठवली होती. मला उर्दू येत नाही. आलं तसं उचललं आणि छापलं. माझ्या कॉम्प्युटरमधल्या जुन्या सॉफ्टवेअरने त्या बिचाऱ्या अक्षरांची जोडणी तोडून, त्यांना उलट्या क्रमाने लावून ठेवलं होतं.

“अगो, ही अक्षरां बगलीस?” ते म्हणाले. “एकमेकाचा हात सोडून उबी हायत. लग्नाच्या पत्रिकेवर!”

मी म्हणाले, “भाई, गावात कुणी काही बोललं नाही.”

“कोनी वाचला नाय म्हनून बोलला नाय. पन लिवलेला तर हाय ना?”

मग त्यांनी माझी खुर्ची ओढली, स्वतः बसले आणि ती नावं नीट करून दिली. चूक माझी, खुर्ची माझी आणि उभी मी. तेव्हापासून आमचा घरोबा झाला.

भाईंनी अर्धं आयुष्य मस्कतला काढलं होतं. आधी ब्रशने पाट्या रंगवायचे, मग कॉम्प्युटर आले तेव्हा ते शिकून घेतलं. तिथे प्रत्येक दुकानाची पाटी अरबीत आणि इंग्रजीत असते. तिथेच त्यांच्या डोक्यात तो किडा शिरला. त्यांचं म्हणणं असं की एकाच पाटीवरची ही दोन नावं दोन वेगळ्या माणसांनी, तीही एकमेकांशी न बोलणाऱ्या, लिहिल्यासारखी दिसतात. इंग्रजी अक्षर रेघेवर सुटं, ताठ उभं राहतं आणि त्याचा उभा दांडा जाड असतो. अरबी अक्षर, उर्दूचंही तेच, शेजारच्याला धरून चालतं, मधेच रेघेखाली उतरतं आणि त्याची आडवी रेघ जाड असते. शिवाय अरबी अक्षर सुरुवातीला एक रूप घेतं, मधे दुसरं, शेवटी तिसरं. भाईंना असा एक टाइप, म्हणजे फॉन्ट, करायचा होता की दोन्ही लिप्या शेजारी ठेवल्या तर एकाच हाताच्या वाटाव्यात. आणि कुणालाही दुसऱ्यासाठी वाकावं लागू नये. हे शेवटचं वाक्य ते फार गंभीरपणे म्हणायचे.

अक्षर तपासायला ते एकच शब्द वापरायचे. हलिमा. बायकोचं नाव. दोन्ही लिप्यांत. पेन ड्राइव्ह घेऊन यायचे, प्रिंट काढायला लावायचे आणि तो कागद माझ्या हातात देऊन स्वतः रस्ता ओलांडून स्टँडच्या भिंतीपाशी जायचे. मी दुकानाच्या दारात कागद उंच धरून उभी, मधून बोर्ली पंचतनची एसटी चाललेली, आणि भाई पलीकडून हाताने खुणा करतायत, उलटा धर, अजून वर, आता डावीकडे. कागद उलटा धरला की नाव दिसत नाही, नुसता आकार दिसतो, आणि आकार खोटं बोलत नाही, असं त्यांचं मत. गावातल्या लोकांना वाटायचं, मी कसला तरी निषेध करतेय.

परत आले की कागदाकडे बघून मान हलवायचे. “नाय. अजून नाय.”

हे वाया गेलेले कागद हलिमाभाबी तळलेले बोंबील निथळायला घ्यायच्या. मी एकदा म्हणाले, “भाबी, शाई असते त्यावर, पोटात जाईल.” तर म्हणाल्या, “माजाच नाव हाय, माज्या पोटात गेला तर काय झाला?”

भाबी ठेंगण्या, गोऱ्या, बोलायला तिखट. शाळेत फारशा गेल्या नव्हत्या, पण रोज पहाटे कुराण वाचायच्या, त्यामुळे अरबी अक्षरांशी त्यांची जन्माची ओळख. इंग्रजी मात्र त्यांना काडीचं येत नव्हतं. एकदा मी त्यांच्याकडे सांदणं खायला गेले होते. भाईंनी पाच-सहा महिने खपून केलेलं अक्षर ओटीवर मांडलं होतं आणि पहिल्यांदाच ते स्वतःवर थोडे खूश दिसत होते. उभ्या ‘लाम’ला, म्हणजे त्यांच्या ल ला, त्यांनी इंग्रजी अक्षराला असतो तसा खाली छोटासा पाया दिला होता. भाबींनी हात पुसत पुसत एकदाच बघितलं.

“ह्या लामला बूट कशाला घातलेत?”

भाई कागदावर वाकले.

“आमची अक्षरां जमनीवर मांडी घालून बसतात. तुमी त्यांना धरून खुर्चीवर बसवता. पाय लोंबकळतायत बिचाऱ्यांचे.”

मला हसू फुटलं. भाई हसले नाहीत. त्यांनी कागद गोळा केले, आणि दुसऱ्या दिवशी माझ्या दुकानात येऊन ते सगळं काम पुसून टाकलं. मी हात धरला, म्हणाले, “अहो, निदान एक कॉपी ठेवा.” “ती बोलली ता खरा हाय,” म्हणाले आणि बटण दाबलं. मला वाटतं, त्या घरात टाइपची पारख असलेलं माणूस एकच होतं, आणि ते बोंबील तळत होतं.

त्यांचं एक पालुपद होतं. “तात्पुरता केला की कायमचा होतो.” त्यावर त्यांचा इतका विश्वास की घरातली गळकी कौलंसुद्धा त्यांनी कधी प्लास्टिकने झाकली नाहीत, शाकारणी होईपर्यंत खाली टोप ठेवायचे. मोहल्ल्याच्या मशिदीला नवी पाटी करायची होती तेव्हा जमातीने साहजिकच त्यांना सांगितलं. उर्दू आणि इंग्रजी, दोन्हींत. भाईंनी रमजानपर्यंतची मुदत मागितली. मग बकरी ईदपर्यंत. मग पुढच्या रमजानपर्यंत. जमातवाले काकुळतीला येऊन म्हणाले, भाई, तोवर एक कापडी तरी करून द्या. भाईंनी पालुपद ऐकवलं. शेवटी कुणीतरी महाडला जाऊन फ्लेक्स करून आणला. उर्दू एका घरचं, इंग्रजी लग्नपत्रिकेतलं वळणदार, आणि मागे सूर्यास्त.

भाई तडक माझ्याकडे आले. “तू केलास काय?”

“देवाशपथ नाही.”

त्या दिवसापासून त्यांनी मशिदीचा पुढचा दरवाजा सोडला. सुपारीच्या वाडीतून, पाटाच्या चिखलातून, लुंगी वर खोचून मागच्या दाराने आत जायचे. पाच वेळचा नमाजी माणूस, पण त्या फ्लेक्सखालून एकदाही गेला नाही. पोरं चेष्टा करायची. मौलवीसाहेबांनी एकदा विचारलं तर म्हणाले, “अल्लाच्या घरात मी कुठनपन येईन. ती पाटी अल्लाने लावलेली नाय.”

त्यांचं नशीब कधी दारात आलंच नाही असं मात्र म्हणता येणार नाही. मस्कतच्या त्यांच्या जुन्या मालकाचा मुलगा आता तिकडे मोठं काम करतो. एका नव्या बाजाराच्या सगळ्या पाट्यांसाठी त्याला भाईंचा टाइप हवा होता. माझ्या दुकानातूनच व्हिडिओ कॉल लावला, कारण त्यांच्या घरी नेटची बोंब. त्याला अक्षरं मनापासून आवडली. हिंदीतून, इंग्रजीतून तो वाहवा करत होता. आणि हा गृहस्थ त्याला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवतोय, इथे जाड झालंय, हे दोन ठिपके भांडतायत, हा ‘मीम’, म्हणजे त्यांचा म, तर बघूच नका. तो म्हणाला, चालेल, महिनाअखेर द्या. भाई म्हणाले, इंशाअल्ला, पण ‘मीम’ झाल्याशिवाय नाही. महिना गेला. त्याने दुसरीकडचा तयार टाइप घेतला.

भाबी नंतर मला म्हणाल्या, “दुसरा दुकानदार आपल्याच मालाला नावां ठेवील काय गो?” हसत म्हणाल्या, पण दुखावल्या होत्या.

त्या ‘मीम’वरच घोडं अडलं होतं. अरबीतला म म्हणजे एक इवलीशी गाठ, आणि इंग्रजीतला एम तीन पायांवर पसरलेला. एकाला एक डोळा, दुसऱ्याला तीन पाय, यांचं नातं काय दाखवायचं? इंग्रजी डावीकडून आणि अरबी उजवीकडून लिहितात, त्यामुळे हलिमा या नावाच्या दोन्ही रूपांत ते दोघं शेवटाजवळ समोरासमोर यायचे आणि सगळं बिघडवायचे.

मग भाबींची किडनी गेली. डायलिसिसच्या फेऱ्यांनी चिमणीएवढ्या झाल्या. मी भेटायला गेले की उठून बसायच्या, मला खायला काय द्यायचं ते सुनेला, ती इंग्लंडहून आलेली असेल तर, नाहीतर शेजारणीला सांगायच्या. एकदा मी बसलेली असताना भाईंना म्हणाल्या, “माज्या दगडावर कायतरी लिवाल ना?”

“कसला दगड? गप ऱ्हव.”

“आयेशाला वाचता आला पायजे.” आयेशा त्यांची नात, इंग्लंडात जन्मलेली. “तिला उर्दू येत नाय, मना इंग्लिश येत नाय. दोनी लिवा. दगडावर तरी दोगी भेटू. आनि लामला बूट घालू नका.”

भाई उठून परसात गेले. भाबी माझ्याकडे बघून डोळे मिचकावत होत्या, आणि मला ते सहन होईना.

त्या गेल्या तेव्हा मुलगा अदनान आला, चाळिसावं करून गेला. भाईंनी माणगावहून काळा दगड आणला, गुडघाभर उंचीचा, घोटून आरशासारखा केलेला, आणि ओटीवर भिंतीकडे तोंड करून ठेवला. जाताना अदनान म्हणाला, “अब्बा, कुठलाही फॉन्ट चालेल. लावून टाका.”

“तुजी आई कुठलीपन होती काय?” भाई म्हणाले. विषय संपला.

इथे आमच्या गावच्या कबरस्तानाचा रिवाज सांगायला हवा. जागा थोडी, एका बाजूला सुरुची झाडं आणि समुद्र, दुसऱ्या बाजूला वाड्या. कबर पक्की बांधायची नाही, फक्त उशाशी नावाचा दगड चालतो. ज्या कबरीला दगड नाही ती दोन-चार पावसाळ्यांत खचून सपाट होते, आणि मग ती जागा दुसऱ्याला दिली जाते. त्यात कुणाला वावगं वाटत नाही. खणणारा बाबामिया कुदळ मारण्याआधी जमलेल्यांना मोठ्याने विचारतो, “हितं कोनाचा हाय काय?” कुणी बोललं नाही की खणतो.

भाईंनी भाबींच्या उशाशी सब्जा लावला होता, त्यांच्यात लावतात तसा. आणि खूण म्हणून मस्कतची आपली जाड काचेची दौत उलटी पुरून ठेवली होती, बूड तेवढं वर. बाबामियाने किती वेळा सांगितलं असेल. “भाई, दगड होईल तवा होईल. निदान एक चिरा उबा करा. पाऊस जागा ठेवीत न्हाय.”

“तात्पुरता केला की कायमचा होतो, बाबामिया.”

मीही सांगितलं, भांडले, एकदा तर रागाने म्हणाले, “भाबींना काय फरक पडतोय त्या मीमने?” त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत तो विषय काढला नाही. दर गुरुवारी संध्याकाळी ते कबरस्तानात जायचे, सब्जाच्या झुडपाशी उभे राहून फातेहा पढायचे, आणि शुक्रवारी माझ्याकडे पेन ड्राइव्ह घेऊन यायचे. पलीकडे जायचे, खुणा करायचे, परत यायचे. नाय. अजून नाय. असे पावसाळे जात राहिले. सब्जाचं बी पावसाच्या पाण्याबरोबर वाहतं, हे वाडीवाल्या गावात कुणाला सांगायला नको. पण भाई अक्षरांशिवाय काही बघत नव्हते.

मागच्या गणपतीच्या आसपास मोहल्ल्यातल्या खतीजाबी वारल्या. म्हाताऱ्या होत्या, भरल्या घरातून गेल्या. दुसऱ्या दिवशी भाई दुकानात आले. पेन ड्राइव्ह नव्हता. खिशातून त्यांनी मातीने माखलेली एक दौत काढली आणि माझ्या काउंटरवर ठेवली.

मला काही समजेना. त्यांनी पाणी मागितलं, प्यायले आणि सांगितलं.

खतीजाबींची कबर खणायला भाई इतरांबरोबर गेले होते. सगळीकडे कमरेएवढा सब्जा. बाबामियाने एका सपाट जागेवर कुदळ टेकवून विचारलं, हितं कोणाचं आहे का? लोक भाईंकडे बघायला लागले, कारण हलिमाभाबी त्याच बाजूला होत्या हे सगळ्यांना माहीत होतं.

“मीच बोललो,” भाई म्हणाले. “मीच बोललो, ‘नाय, आमची ती थय,’ आनि त्या मोठ्या झुडपाकडे हात केला. मीच बोललो, खन.”

वीतभर खणल्यावर, पावसाने वाहून आलेल्या मातीखाली, कुदळीला काच लागली.

“बोलायचंत ना हो!” मी ओरडलेच. “थांबवायचंत!”

“जनाजा दारात आला होता, सुमन. तिची पोरां उबी होती. काय सांगू? उचला, परत न्या?” त्यांनी दौत फिरवून ठेवली. “बाबामियाने दौत बाजूला टाकली, मी उचलून खिशात घातली. मग सगळ्यांनी माती दिली. मीपन दिली. तीन मुठी.”

मी चहा मागवला. दोघांचाही तसाच गार झाला. मला रडू येत होतं आणि त्यांचा भयंकर रागही येत होता. एवढ्या हुशार माणसाला एक चिरा उभा करता आला नाही, म्हणून.

“इतके गुरुवार मी कोनाच्या उशाशी पढत होतो, अल्लाला म्हायत,” ते म्हणाले. “दुवा पोचते म्हनतात, कुठनपन केली तरी. पन दगड? दगड कुठे लावू?”

बाबामियाला त्यांनी सांगितलं नाही, खतीजाबींच्या घरी तर नाहीच. अदनानला फोनवर एवढंच कळवलं की दगडाचं राहू दे.

पंधरवड्याने खतीजाबींचा मुलगा माझ्याकडे आला. आईचा दगड करायचा होता. माणगावचा कारागीर कोरून देणार होता, त्याला खऱ्या मापाचा छापील कागद हवा होता. नाव उर्दूत आणि इंग्रजीत. मी कॉम्प्युटरमधला तयार टाइप घेतला, अर्ध्या तासात मांडून दिलं. अक्षरं सुटू नयेत एवढी काळजी घेतली, तेवढं भाईंनी शिकवलं होतं. प्रिंट निघत होती तेवढ्यात भाई दारात आले.

मी कागद लपवायला बघितलं. त्यांनी हात पुढे केला.

एका नजरेत मला दिसलं, काय काय चुकलंय ते. उर्दू बारीक, इंग्रजी ढब्बू, दोन ओळी एकमेकींकडे पाठ करून बसलेल्या. इतकी वर्षं त्यांच्यासाठी कागद धरून माझाही डोळा बिघडला होता. मी म्हणाले, “भाई, तुम्ही बसा. तुम्ही करून द्या. तुमची अक्षरं द्या त्यांना.” खतीजाबींचा मुलगाही म्हणाला, “व्हय भाई, तुमी केलात तर आमचा नशीब. आमी थांबू.”

थांबू म्हणाला तो. भाई त्याच्याकडे बघत राहिले.

कागद त्यांनी उलटा केला नाही. रस्त्यापलीकडे गेले नाहीत. सरळ धरून नुसतं नाव वाचलं, जसं कुणीही वाचतं.

“थांबू नको,” ते त्याला म्हणाले. आणि मला, “बरा हाय. दे त्याला.”

दिवाळीनंतर अदनान त्यांना न्यायला आला. घराची चावी माझ्याकडे आहे. महिन्यातून एकदा जाऊन केर काढते. ओटीवरचा दगड तसाच भिंतीकडे तोंड करून आहे, त्याच्या मागे पाली झाल्या आहेत. वळवून बघायचं काही कारण नाही, त्यावर काही लिहिलेलंच नाही.

भाई इंग्लंडला निघाले त्या आधीचा शुक्रवार होता. मी बँकेतून परत येत होते. जुम्याची गर्दी मशिदीच्या पुढच्या दाराशी जमली होती. फ्लेक्स आता विटला आहे, सूर्यास्ताचा पांढरा डाग झालाय, कोपरा सुटून वाऱ्यावर फडफडत असतो. लोकांमध्ये मला भाई दिसले. इस्त्रीची लुंगी खाली सोडलेली, पाय कोरडे, डोक्यावर टोपी. मी हाक मारणार होते. पण ते त्या पाटीच्या बरोबर खाली आले होते, आणि मी बघत राहिले की आता तरी वर बघतील, तोंड वाकडं करतील, कुणाला तरी काहीतरी बोलतील. मागून कुणीतरी घाईने “चला भाई” म्हणालं. त्यांनी चपला काढल्या, आणि सगळ्यांसारखेच आत गेले.